दुटप्पीपणाचा आरोप तपासायचा कसा?

‘तुमचा अध्यक्ष असताना का गप्प होतात?’ परदेशातल्या लष्करी कारवाईवरून अमेरिकेत वाद पेटला की हा आरोप ठरलेला. तो तपासायचा तर आधी जोडी नीट निवडा: देश तोच, कारण तेच, सत्तेतला पक्ष वेगळा. सीरिया २०१३ आणि २०१७ ही उत्तम जोडी. दोन्हींत कारण रासायनिक हल्ल्याचं. वॉशिंग्टन पोस्ट-एबीसीच्या पाहणीत अमेरिकी हल्ल्याला रिपब्लिकनांचा पाठिंबा डेमोक्रॅट ओबामांच्या वेळी २२ टक्के, रिपब्लिकन ट्रम्प यांच्या वेळी ८६. डेमोक्रॅटांचा ३८ आणि ३७.

लगेच निकाल देऊ नका. २०१३ मध्ये अमेरिकेचा हल्ला नुसता प्रस्तावित होता. २०१७ मध्ये सीरियाच्या शायरात हवाई तळावर ५९ क्षेपणास्त्रं डागून झाली होती. झालेल्या कारवाईला पाठिंबा सहसा वाढतो. पण मग तो डेमोक्रॅटांमध्येही वाढायला हवा होता ना? फरकाचा मोठा भाग पक्षाचाच दिसतो.

ओबामांच्याच काळातल्या लिबियावरच्या २०११ च्या हल्ल्यांशी तुलना करताना लोक हमखास घसरतात. तिथे कारवाईला परवानगी देणारा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १९७३ होता, शायरातसाठी नव्हता. अमेरिकी काँग्रेसची संमती मात्र दोन्हीकडे नव्हती. म्हणून एका वेळी एकच निकष लावा. आणि पक्षाची टक्केवारी समोरच्या माणसावर लादू नका. त्याचीच दोन्ही वेळची विधानं तारखांसकट शेजारीशेजारी ठेवा.