टर्नरला फोन करावा लागू नये असं ड्रॉइंग

डिप्लोमा किंवा बीई करून डिझाइन विभागात येणारी मुलं सॉलिडवर्क्स सफाईने चालवतात. थ्रीडी मॉडेलही देखणं करतात. पण अंधेरी एमआयडीसीतल्या किंवा साकीनाक्याच्या गाळ्यात लेथवर उभा असलेला टर्नर तुमचं मॉडेल बघत नाही. त्याच्या हातात तेलाचे डाग पडलेली ए३ प्रिंट असते आणि तिच्यावर जे लिहिलेलं नाही ते तो अंदाजाने ठरवतो, नाहीतर फोन करून विचारतो, "साहेब, साइज किती ठेवू?" म्हणून नव्या माणसाने सॉफ्टवेअरचं पुढचं सर्टिफिकेट घेण्याआधी ड्रॉइंगची मानकं पक्की करावीत, असं माझं ठाम मत आहे.

मानकं म्हणजे रेषेची जाडी आणि अक्षरांची उंची, एवढीच समजूत पुष्कळांची असते. ती कॉलेजच्या शीटवरून आलेली आहे. खरं काम कुठे होतं ते एका साध्या शाफ्टवर बघा.

शाफ्टवर ६२०५ नंबरचं बेअरिंग बसवायचंय. बेअरिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिमी, म्हणून नवखा ड्राफ्ट्समन 'डाया २५' लिहून मोकळा होतो. कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत, म्हणजे टायटल ब्लॉकमध्ये, 'आयएसओ २७६८-एम' छापलेलं असतंच; ज्या मापाला वेगळी सूट (टॉलरन्स) लिहिलेली नाही त्याला हे मानक लागतं. त्या मानकाप्रमाणे ६ ते ३० मिमीच्या मापाला अधिक-उणे ०.२ मिमीची सूट आहे. म्हणजे टर्नरने २४.९ काढलं तरी जॉब पास! बेअरिंग हाताने सरकन बसतं, असेंब्लीत कोणाची तक्रार नाही. मशीन लोडवर चाललं की आतली रिंग शाफ्टवर घसरत फिरते आणि शाफ्ट खाऊन टाकते.

आता तिथेच '२५ के६' लिहा; के६ हा शाफ्टच्या टॉलरन्सचा कोड आहे. माप २५.००२ ते २५.०१५ च्या मध्येच यायला हवं. साध्या बेअरिंगचा बोअर २४.९९० ते २५.००० असतो, म्हणजे फिट (शाफ्टवरची पकड) कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त २५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) टाइट. एवढ्याशा खुणेने सगळ्यांचं काम ठरतं: टर्नर ग्राइंडिंगसाठी मटेरियल सोडतो, इन्स्पेक्शनवाला व्हर्नियर बाजूला ठेवून मायक्रोमीटर घेतो, असेंब्लीवाला बेअरिंग गरम करायची तयारी ठेवतो. त्याच शाफ्टच्या खांद्याजवळची फिलेटही, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई, द्यायला विसरू नका. ६२०५ च्या कडेचा चॅम्फर (कापलेली कड) किमान १ मिमी असतो. फिलेट त्याहून मोठी झाली तर बेअरिंग खांद्याला नीट टेकत नाही. तुम्ही दिली नाही, तर टूलच्या नोजची जी त्रिज्या असेल तीच तिथे येते.

उलट टोकाला जाणारेही भेटतात. भीतीपोटी प्रत्येक मापाला ०.०१ चा टॉलरन्स. जिथे काहीच बसत नाही, त्या मोकळ्या डायालाही ग्राइंडिंगचा खर्च लागतो आणि कोटेशन दुप्पट आलं की व्हेंडर महाग आहे म्हणून बोटं मोडायची. टॉलरन्स देताना दरवेळी विचारा, इथे काय बसतंय? काहीच नसेल तर सर्वसाधारण टॉलरन्स पुरे.

प्रोजेक्शनचं, म्हणजे कोणत्या बाजूचं दृश्य कागदावर कुठे मांडलंय ते सांगणारं चिन्ह छोटंसं दिसतं म्हणून सोडू नका. आपण फर्स्ट अँगल शिकतो, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. चिन्ह न बघता वाचलं की डाव्या बाजूचं भोक उजवीकडे पडतं, आणि ब्रॅकेट आरशातल्यासारखा उलटा तयार होतो. मापं सगळी बरोबर, जॉब भंगारात.

एक्स्पोर्टची कामं करणाऱ्या कंपनीत लागलात तर आणखी एक फरक लक्षात ठेवा. अमेरिकेच्या एएसएमई वाय१४.५ या मानकात मापाची मर्यादा आकारालाही बांधून ठेवते: पिन कमाल मापाची असेल तर ती अगदी सरळच असायला हवी. आयएसओ ८०१५ या आंतरराष्ट्रीय मानकात माप आणि सरळपणा वेगवेगळे धरले जातात, वेगळं सांगितलं नसेल तर किंचित वाकलेली पिनही मापात बसते. तेच आकडे आणि तोच कागद, तरी अर्थ निराळा. म्हणून कोणतं मानक लागू आहे ते टायटल ब्लॉकमध्ये हवंच.

सुरुवात बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) एसपी ४६ या पुस्तकापासून करा, ते विद्यार्थ्यांसाठीच काढलेलं आहे. मग फिटसाठी आयएस ९१९ या भारतीय मानकाचे तक्ते आणि एखाद्या बेअरिंग कंपनीचा कॅटलॉग जवळ ठेवा. पाठांतर नको, तक्ता चटकन काढता आला पाहिजे. आणि संधी मिळेल तेव्हा शॉपमध्ये जाऊन आपलंच ड्रॉइंग दुसरा माणूस कसं वाचतो ते बघत उभे राहा.

रिलीज करण्याआधी प्रिंट काढून तो पार्ट कधीच न पाहिलेल्या सहकाऱ्याला द्या. काही सांगू नका. त्याने एखादं माप काढण्यासाठी कॅल्क्युलेटर हातात घेतला, तर ते माप ड्रॉइंगवर थेट द्यायचं राहिलंय. तेवढी दुरुस्ती करा, रिव्हिजनच्या रकान्यात नोंद करा आणि शॉपमधली जुनी प्रिंट परत मागवून घ्या.