पत्रिका छापण्याआधीचा कागद: मंडळाच्या कार्यक्रमासाठी कॉपीराइटच्या परवानग्या कशा घ्याव्यात

दिवाळी पहाटेची पत्रिका छापखान्यात धाडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि कार्यक्रमात जे जे होणार आहे ते एकाखाली एक लिहून काढा. नुसतं 'भावगीतं' एवढं लिहून भागणार नाही. कोणतं गाणं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, वादक बसणार की ट्रॅक वाजणार, एकांकिका कोणाची, ती मुळात कुठल्या कथेवर आहे का, फ्लेक्सवर चित्र कोणाचं, सगळं लिहा. गणेशोत्सव असो, कोजागिरी असो की सोसायटीचा वर्धापनदिन, सुरुवात या कागदापासूनच करायची.

मंडळं मुद्दाम कोणाचा हक्क बुडवत नाहीत. गफलत होते ती 'परवानगी' ही एकच गोष्ट समजल्यामुळे. पोलिसांचा कागद हातात आला, सभागृहाचं भाडं भरलं, की सगळ्यांना वाटतं झालं. पण पोलीस ध्वनिक्षेपकाला परवानगी देतात, गाण्याला नाही. आणि एका गाण्याचे मालकसुद्धा तीन-चार असू शकतात.

गाण्याचे थर सुटे करा

शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या तिन्ही वेगवेगळ्या कृती आहेत. गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क त्याहून निराळा.

मुदतीचा हिशेब सोपा आहे. लेखक, कवी, संगीतकार, चित्रकार यांच्या निधनाच्या सालात साठ मिळवा. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत हक्क जिवंत. खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांची नाटकं केव्हाच मोकळी झाली. गडकरी, देवल, बालकवी तर त्याआधीच. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे तेही मोकळे. पण अत्रे १९६९ चे, म्हणजे २०२९ सरेपर्यंत थांबा. गदिमा २०३७ पर्यंत, कुसुमाग्रज २०५९ पर्यंत, पु. ल. २०६० पर्यंत. ध्वनिमुद्रणाची साठ वर्षं मात्र ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अभंगांत. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचाही हक्क नाही. पण श्रीनिवास खळ्यांनी त्याला लावलेली चाल खळ्यांची, आणि ते गेले २०११ साली. म्हणजे चालीचा हक्क २०७१ सरेपर्यंत. तोच अभंग तुमच्या भजनी मंडळानं पारंपरिक चालीत म्हटला तर प्रश्नच नाही. 'लोकगीत' म्हणून खपणाऱ्या गाण्यांचीही अशीच चौकशी करा. पोवाडा लोककलेचा प्रकार खरा, पण अण्णाभाऊ साठ्यांचा पोवाडा हा अण्णाभाऊंचा आहे, आणि तेही १९६९ साली गेले.

सूट आहे, पण ती नीट वाचा

'आपण कुठे पैसे कमावतोय?' हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतंच. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलतींची लांबलचक यादी आहे. त्यातल्या चार आपल्या कामाच्या.

पहिली हौशी मंडळांसाठी. हौशी संस्थेनं पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांपुढे साहित्य, नाटक किंवा संगीत सादर केलं तर तो हक्कभंग धरत नाहीत. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोगही यात बसतो. आता शब्द मोजून घ्या. 'देणगी प्रवेशिका' हे तिकिटाचंच सोवळं नाव आहे. ती लावली की प्रेक्षक 'पैसे न देणारे' राहत नाहीत. पूरग्रस्तांसाठी किंवा शाळेच्या इमारतीसाठी तिकीट लावून प्रयोग केला तर हेतू कितीही चांगला असो, ही सवलत मिळत नाही, कारण कायदा धार्मिक संस्थेबद्दल बोलतो, धर्मादायाबद्दल नाही. मानधन देऊन व्यावसायिक वाद्यवृंद आणला तर स्वतःला हौशी म्हणवणं कठीण जातं. आणि या सवलतीत ध्वनिमुद्रण नाही, चित्रपट तर नाहीच. त्यामुळे सदस्यांनी पेटी-तबल्यावर गाणं म्हणणं एक आणि कराओकेच्या ट्रॅकवर म्हणणं दुसरं. ट्रॅक हे कोणाचं तरी ध्वनिमुद्रण असतं. हा फरक मी सांगतो तेव्हा समोरचे मला कटकट्या समजतात, पण तो कायद्यातच आहे.

दुसरी सवलत ध्वनिमुद्रणाची. निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामायिक बंदिस्त खोलीत किंवा सभागृहात, रहिवाशांच्या सोयीचा भाग म्हणून गाणी वाजवली तर चालतं. नफ्यासाठी नसलेल्या क्लबच्या उपक्रमातही चालतं. सोसायटीच्या हॉलमधला मुलांचा नाच इथे बसतो. पार्किंगमधल्या मांडवाला 'बंदिस्त खोली' म्हणणं ओढूनताणून होईल, आणि भाड्यानं घेतलेलं नाट्यगृह तर त्यात येतच नाही.

तिसरी शाळा-महाविद्यालयांची. विद्यार्थी आणि शिक्षकांनी सादर केलेला, त्यांच्याच पालकांपुढचा आणि संस्थेशी संबंधित माणसांपुढचा कार्यक्रम. गावाला आमंत्रण दिलं की ही चौकट मोडते.

चौथी खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीची. लग्न आणि वरात त्यात धरलेली आहे. लग्नातल्या गाण्यांवरून बराच काथ्याकूट झाला. अशा गाण्यांसाठी परवान्याचे पैसे मागू नयेत अशी सूचना केंद्राच्या उद्योग विभागानं २०२३ मध्ये काढली, गोवा सरकारनं २०२४ च्या सुरुवातीला त्याच धर्तीचं परिपत्रक काढलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ते त्याच वर्षी रद्द केलं. गणेशोत्सवापुरतं माझं मत असं: आरती, अथर्वशीर्ष, भजन हा विधी. रात्री नऊचा हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा हा विधी नव्हे, मग मागे बाप्पा बसलेले असले तरी.

गाण्यांचा परवाना

सवलतीत बसत नसाल तर परवाना घ्या. तो घेणं आयोजकाचं काम आहे, गायकाचं नाही. 'ऑर्केस्ट्रावाल्यानं घेतला असेल' यावर विसंबू नका.

गीतकार-संगीतकारांच्या बाजूचा परवाना आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही संस्था देते. ती १९६९ पासून आहे आणि मुंबईतूनच चालते. संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. तारीख, जागा, प्रेक्षकसंख्या, तिकिटाचे दर, सादरीकरण प्रत्यक्ष की ध्वनिमुद्रित, ही माहिती तयार ठेवा. ध्वनिमुद्रण वाजवणार असाल, म्हणजे डीजे, नाचाचे ट्रॅक, मध्यंतरातली गाणी, तर कंपन्यांच्या बाजूचाही परवाना लागतो. तिथे कंपन्यांच्या वतीनं परवाने देणाऱ्या पीपीएल, नोव्हेक्स अशा संस्थांची नावं समोर येतील. कोणत्या कंपनीची गाणी कोणाकडे आहेत हे बदलत असतं, म्हणून प्रत्येकाच्या संकेतस्थळावरची ताजी यादी आपल्या गाण्यांशी ताडून पाहा. एकाचा परवाना घेतला म्हणजे सगळी गाणी आली असं होत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी कोणी नोटीस घेऊन दारात उभं राहिलं तर वादावादी करू नका आणि घाबरून रोख पैसेही देऊ नका. कोणत्या गाण्यांचा हक्क, कोणाकडून मिळालेला, त्याचा कागद मागा. पैसे द्यायचेच तर संस्थेच्या नावानं, पावती घेऊन. हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. नफ्यासाठी जागा देणारा मालकही अडकू शकतो, म्हणूनच बरीच सभागृहं आधी परवाना दाखवा म्हणतात.

एकांकिकेचं पत्र

नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीच्या पानावर प्रयोगाचे हक्क कोणाकडे आहेत ते बहुतेकदा छापलेलं असतं. ते पान आधी वाचा. प्रकाशकाकडे पुष्कळदा फक्त पुस्तक छापण्याचा हक्क असतो. प्रयोगाची परवानगी लेखकाकडे, किंवा लेखक हयात नसतील तर वारसांकडे मागावी लागते.

रूपांतर असेल तर दोन परवानग्या. शेक्सपिअर मोकळा आहे, पण त्याचं मराठी रूपांतर करणाऱ्याचा हक्क त्याचा स्वतःचा. कथेवरून एकांकिका बेतली असेल तर कथालेखकाचीही संमती हवी. आम्ही इथेच एकदा ठेचकाळलो. एकांकिकाकाराचं पत्र आमच्याकडे होतं, मूळ कथेच्या लेखकाचं नव्हतं. प्रयोगाला आठवडा असताना त्यांच्या मुलीचा फोन आला. बाई मनानं मोठ्या, एक रुपयाही मागितला नाही. म्हणाल्या, फक्त बाबांचं नाव पत्रिकेवर घ्या. पत्रिका छापून झाल्या होत्या. मग रात्री बसून पाचशे पत्रिकांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

पत्र साधं असावं:

'सप्रेम नमस्कार. आमचे मंडळ दि. … रोजी … येथे आपल्या '…' या एकांकिकेचा एक प्रयोग करू इच्छिते. प्रवेश विनामूल्य आहे / तिकीट रु. … आहे. प्रयोगाचे मानधन म्हणून रु. … देऊ. आपले नाव पत्रिकेवर, फलकावर व निवेदनात घेतले जाईल. संहितेत बदल करावयाचा झाल्यास आधी आपणास विचारू. प्रयोगाचे चित्रीकरण फक्त मंडळाच्या संग्रहासाठी केले जाईल / समाजमाध्यमांवर प्रसिद्ध केले जाईल. कृपया लेखी संमती द्यावी.'

तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंपैकी लागू असेल तेच ठेवा. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. काहीच लिहिलं नाही तर कायदा पाच वर्षं आणि भारतापुरतं असं धरतो. फोनवरचं 'करा हो, काही हरकत नाही' हे प्रेमाचं असतं, पण पुढच्या वर्षी मंडळाचे सचिव बदलले की त्याला साक्षीदार उरत नाही. काटछाटीचा प्रश्न चाळीस मिनिटांच्या स्पर्धेत हमखास येतो, तो आधीच विचारा. हक्क विकून टाकलेल्या लेखकालाही नाव लावून घेण्याचा आणि आपली कृती विद्रूप होऊ न देण्याचा अधिकार राहतोच.

महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. नाटकवाले त्याला सरळ 'सेन्सॉर' म्हणतात. संहिता पाठवायची असते, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

छापलेल्या पुस्तकातला छोटासा उतारा जाहीरपणे वाचायला कायदा मोकळीक देतो, पण अख्ख्या कवितेचं वाचन आणि कथेचं अभिवाचन यांनाही हेच नियम. 'नुसतं वाचतोय' ही सबब होत नाही.

फ्लेक्स, फोटो, पडदा

गूगलवर सापडलेलं चित्र हे 'फुकट' चित्र नव्हे. कॅलेंडरातल्या देवांच्या चित्रांचंही तसंच. राजा रविवर्म्याची चित्रं खुशाल वापरा, ते १९०६ साली गेले. पण दीनानाथ दलाल १९७१ चे आणि रघुवीर मुळगावकर १९७६ चे. त्यापेक्षा मंडळातल्याच एखाद्या चित्रकाराला रेखाटन करायला सांगा. फ्लेक्सला स्वतःचा चेहराही मिळतो.

छायाचित्रकाराची गंमत वेगळी. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क, वेगळा करार नसेल तर, तुमचा. मित्रानं प्रेमानं फुकट काढून दिले तर हक्क त्याचाच. दोन ओळी लिहून घ्या.

मैदानावर पडदा लावून चित्रपट दाखवायचा असेल तर निर्माता किंवा वितरकाची परवानगी घ्या. घरची डीव्हीडी किंवा ओटीटीची वर्गणी घरात बघण्यापुरती असते.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना तिथला कायदा लागू होतो आणि परवानाही तिथल्याच संस्थांचा, ब्रिटनमध्ये पीआरएस, अमेरिकेत ॲस्कॅप किंवा बीएमआय. मराठी गाणं आहे म्हणून कोणी विचारणार नाही असं समजू नका.

ध्वनिक्षेपकाचं एका ओळीत: उघड्यावर रात्री दहानंतर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कोणते हे पोलीस ठाण्यात विचारा.

थेट प्रक्षेपण आणि नंतरचं काम

सभागृहात सादर करण्याचा परवाना यूट्यूबवर दाखवण्याला पुरत नाही. तो हक्क निराळा, शिवाय तिथली यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. मग आवाज बंद होतो, जाहिरातीचे पैसे कंपनीकडे जातात किंवा व्हिडिओच अडवला जातो. मुलांच्या नाचाचा मुका व्हिडिओ बघून आजी-आजोबांची जी निराशा होते ती मी पाहिली आहे. पालकांच्या खासगी गटात दोन मिनिटांची चित्रफीत पाठवणं वेगळं आणि वाहिनीवर तासाभराचा कार्यक्रम टाकणं वेगळं. टाकायचंच असेल तर कलाकारांची लेखी संमती घ्या, लहान मुलांसाठी पालकांची, आणि गाण्यांच्या मालकांना प्रक्षेपणाचं वेगळं विचारा.

कार्यक्रम संपला की सुरुवातीचा तो कागद पुन्हा काढा. आयत्या वेळी घातलेली आणि वगळलेली गाणी त्यात दुरुस्त करा, गीतकार-संगीतकारांची नावं पूर्ण लिहा, आणि परवाना घेतलेल्या संस्थेकडे ती यादी पाठवा. पैसे कोणाला जायचे हे त्या यादीवरून ठरतं. 'जुनी मराठी गाणी, एकूण चौदा' असं लिहून पाठवलंत तर चौदातल्या एकाही माणसाच्या घरी काही पोचणार नाही.