कीबोर्डचं एखादंच बटण चालेनासं झालं तर

आधी दोष बटणात आहे की सेटिंगमध्ये, ते ठरवा. विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबलं की स्क्रीनवर कीबोर्ड उघडतो. त्यावर तेच अक्षर माउसने दाबा. तिथूनही उमटलं नाही, तर दोष सेटिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त, कीबोर्ड खोलायची घाई नको. अक्षराऐवजी भलतंच काही उमटत असेल, तर बहुधा मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची बटणांची मांडणी, चालू राहिलेली असते. विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला. लॅपटॉपवर जे, के, एलऐवजी आकडे येत असतील तर नमलॉक बंद करा. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबलं गेलं तर फिल्टर कीज सुरू होतात आणि पटकन दाबलेली बटणं कॉम्प्युटर मोजतच नाही. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

स्क्रीनवरून उमटतंय, बटणातून नाही? मग कचरा किंवा चिकटपणा. कॉम्प्युटर बंद करा, कीबोर्ड उलटा धरून हलके ठोका. चहा सांडला असेल तर त्यातली साखर अडकते. कानकाडीला ९० टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बटणाच्या कडा पुसा आणि १५ मिनिटं वाळू द्या.

लॅपटॉपचं बटण स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, खालचे प्लास्टिकचे हूक कटकन तुटतात. स्पेसबार तर सोडाच, त्याखाली तारही असते.

तीन-चार बटणं एकदमच गेली असतील तर त्या बटणांना जोडणारी आतली समाईक जोडणी किंवा कीबोर्डची पट्टीसारखी चपटी केबल गेली. तिथे पुसून उपयोग नाही.