हिवाळ्यात सॉल्टबर्नच्या लाटांवर जाताना

सॉल्टबर्नला हिवाळ्यात सर्फिंगला निघालात तर पिशवी उलट्या क्रमाने भरा. पाण्यातून बाहेर आल्यावर काय लागणार ते आधी, पाण्यात काय लागणार ते नंतर. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या या किनाऱ्यावर समुद्र सर्वांत गार होतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेमतेम ६-७ अंश. हवा डिसेंबरातच बोचू लागते, पाणी मागाहून गारठतं. म्हणून ऊन दिसलं तरी मार्चमध्ये पातळ वेटसूट (निओप्रीन या रबराचा अंगालगतचा सूट) नेऊ नका.

पहिला मान थर्मासचा. आल्याचा चहा भरा, आणि थर्मास असा घ्या की झाकण तळव्यांनी फिरवता येईल, कारण बोटं वाकणार नाहीत. माझ्या पहिल्या हिवाळ्यात गाडीची किल्ली मी दोन्ही तळव्यांत धरून फिरवली होती. तेव्हापासून बटणं, नाड्या, बारीक चेन असलेलं काहीही नेत नाही. सैल लोकरी स्वेटर, इलॅस्टिकची पँट, जाड मोजे आणि माकडटोपी. जे आधी अंगात जाणार ते सर्वांत वर. पाच लिटरच्या कॅनमध्ये कढत पाणी भरून तो टॉवेलात गुंडाळून ठेवा. परत येईपर्यंत ते कोमट होतं. घमेल्यात उभं राहून ते सूटच्या गळ्यातून आत सोडलं की पाठीवरून वाफ निघते आणि चिकटलेला सूट सुटतो. पाण्याबाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान थोडा वेळ उतरतच राहतं. त्यामुळे बोर्ड टपावर बांधणं, लाटांच्या गप्पा, सगळं कपडे घातल्यानंतर.

आता पाण्यातलं. सूट किमान ५/४, म्हणजे धडाला ५ मिलिमीटर आणि हातापायांना ४. टोपी जोडलेली असेल तर उत्तमच. सोबत निओप्रीनचे बूट आणि हातमोजे. पायावर प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सूटमध्ये सरकन जातो. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला थंड पाण्याचंच वॅक्स लावा, उन्हाळ्याचं वॅक्स इथे दगडासारखं होतं. कानात बोळे हवेतच. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं लागत राहिला की कानाच्या नळीत हाड वाढतं. टोपी-बोळ्यांमुळे ऐकू कमी येतं, म्हणून लाट पकडण्याआधी मान वळवून बघा. लाट जिथे फुटायला लागते त्या उंचवट्याजवळ आधीपासून कुणी असेल तर ती लाट त्याची.

आदल्या रात्री अंदाज बघा. इथे लाट उत्तरेकडून यावी लागते, आणि दक्षिणेचा वारा तिला नीटस ठेवतो. उंचीइतकंच दोन लाटांमधलं वेळेचं अंतर बघा. दहा सेकंद असेल तर उठाच. भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्या. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. जोराचा पाऊस झाला असेल तर सांडपाणी समुद्रात सोडलंय का तेही तपासा. १९९० मध्ये कॉर्नवॉलच्या सर्फर मंडळींनी सुरू केलेल्या ‘सर्फर्स अगेन्स्ट सूएज’ संस्थेच्या अ‍ॅपवर तशा सूचना येतात. त्यांची लढाई मला आपली वाटते. हे पाणी आमच्या तोंडात जातं.

१८६९ च्या जुन्या धक्क्याच्या खांबांपासून लांब राहा. हिवाळ्यात लाइफगार्ड नसतात, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि किनाऱ्यावरून कुणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा. जोडीदाराशी आधीच ठरवून ठेवा: गारठ्याने दोघांपैकी एकाचे शब्द जड पडायला लागले की दोघांनीही बाहेर यायचं, मागून कितीही सुरेख लाट उठत असली तरी.