मिनी ९९८ला १२७५चं हेड बसवल्यावरची टकटक

जुन्या मिनी कारच्या ९९८ सीसी इंजिनच्या ब्लॉकवर १२जी९४० हेड (म्हणजे १२७५ सीसी इंजिनचं) चढवलं की टकटक, रेस दिली की जास्तच. टॅपेट आणि टायमिंग बदलूनही फरक शून्य, डोकं उठलं.

कारण: ९९८चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४.६ मिमी, १२७५चा ७०.६. त्यामुळे मोठ्या बोअरसाठीच्या हेडचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कडेवर आपटतो.

हेड काढून कडेवर प्लॅस्टिसिन लावा, जुन्या गॅस्केटसकट हेड कसा, टॅपेट लावून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. ठसा उमटेल तिथे खाच मारायची, पण टीडीसीला (पिस्टन सर्वात वर असताना) पिस्टनची वरची रिंग येते त्याच्या वरच थांबायचं. खाच मारायची ती ब्लॉक पूर्ण रिकामा करूनच. मिनीत इंजिनचं तेलच गिअरबॉक्सलाही, धातूचा कीस दोन्ही खाईल. वाकलेले व्हॉल्व्ह बदला. गॅस्केट १२७५चं. टॅपेटची फट थंड इंजिनवर ०.३० मिमी.