हापूसवर यीस्ट: आधी गरम पाणी, मग द्रावण
काढणीनंतर आंब्यावर वापरायचं उपयुक्त यीस्ट (जिवंत सूक्ष्मजीव) हे औषध नव्हे. ते मुख्यतः ओरखड्यातल्या साखरेवर आणि जागेवर फळ कुजवणाऱ्या बुरशीच्या आधी ताबा मिळवतं. म्हणून काढणीच्याच दिवशी वापरा. बुरशीने मूळ धरल्यावर उपयोग नाही.

करप्याची (फळावर काळे डाग पाडणारी) बुरशी मात्र झाडावर असतानाच सालीत दडून बसते, तिथे यीस्ट पोचत नाही. त्यासाठी फळं आधी ५२ अंश सेल्सिअस पाण्यात १० मिनिटं बुडवा. थर्मामीटर हवाच, बोट घालून अंदाज नको. पाणी जास्त तापलं की साल भाजते. मग साध्या पाण्यात पूर्ण गार करून यीस्टच्या द्रावणात बुडवा. क्रम उलटा केलात तर यीस्टच शिजेल!

द्रावणात मिलिलिटरला साधारण १ ते १० कोटी जिवंत पेशी लागतात, तेव्हा प्रमाण पाकिटावरचंच घ्या. क्लोरीन घातलेलं पाणी आणि बुरशीनाशक दोन्ही टाळा. बेकरीचं यीस्ट या कामाचं नाही.

देठ मोडलेली फळं वेगळी काढा, देठकूज तिथूनच शिरते. बाकीची पंख्याखाली कोरडी झाल्यावरच पेंढ्याच्या अढीत लावा.