नवा यो-यो घेतलात? आधी दोरी आणि बेअरिंग बघा
यो-यो जमिनीवर ठेवून दोरी सरळ वर धरा, बेंबीच्या दोन बोटं वर कापा आणि बोटासाठी फास करा. दोरी पॉलिएस्टरचीच घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने सुती दोरी लवकर खराब होते.

अनरिस्पॉन्सिव्ह यो-यो झटक्याने परत येत नाही, त्याला बाइंड (दोरीचा दुमडलेला भाग आत अडकवून यो-यो वर आणण्याची युक्ती) लागतो. तरीही तो आपोआप वर आला, तर आधी दोरीचा पीळ सोडवा, मग बेअरिंग (दोरी जिच्यावर असते ती मधली फिरती कडी) तपासा. आपल्याकडची धूळ तिथेच अडकते. शील्ड (बेअरिंगवरचं पातळ झाकण) काढा, बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 10 मिनिटं हलवून पूर्ण वाळवा, पातळ तेलाचा एकच थेंब द्या. जास्त तेलाने यो-यो पुन्हा रिस्पॉन्सिव्ह होतो! बाइंड घसरत असेल, तर आतल्या बाजूचे, दोरी पकडणारे झिजलेले सिलिकॉन पॅड बदला.